फोनवर ठरलेल्या सौद्याची कुळकथा

हिंगणघाटच्या बाजारात रुई, सरकी, ढेप यांचे सौदे फोनवर होतात, त्याचं कुणाला नवल वाटत नाही. भाव सांगितला जातो, पलीकडून ‘धरला’ म्हणतात आणि गाडी भरायला लागते. कागद मागून येतो, कधी येतही नाही. असा सौदा नेमका कधी आणि कुठे पक्का होतो, याचा निकाल विदर्भातल्याच ढेपेच्या एका व्यवहारावरून लागलेला आहे.

२२ जुलै १९५९ रोजी अहमदाबादची एक पेढी आणि खामगावची केडिया जिनिंग फॅक्टरी अँड ऑइल मिल्स यांच्यात ट्रंक कॉलवर बोलणं झालं. मागणी अहमदाबादहून गेली, होकार खामगावहून आला. ढेप मात्र मिळाली नाही. अहमदाबादच्या पेढीने ३१,१५० रुपयांचा दावा तिथल्याच दिवाणी न्यायालयात लावला. खामगावकर म्हणाले, होकार आम्ही इथे दिला, माल इथे द्यायचा, पैसे इथे मिळायचे. मग अहमदाबादच्या कोर्टाचा संबंध काय?

अडचण जुन्या कायद्यात होती. भारतीय करार कायदा १८७२ चा, म्हणजे टपाल आणि तारेच्या काळातला. होकाराचं पत्र पेटीत पडलं की प्रस्ताव मांडणारा बांधला जातो. त्याला आता माघार नाही. होकार देणारा मात्र पत्र समोरच्याला पोचेपर्यंत मोकळा असतो. त्याने मागाहून तार केली आणि ती पत्राच्या आधी पोचली, तर होकार रद्द. भारतात तारसेवा २०१३ साली बंद झाली, कायद्याच्या उदाहरणांत तार अजून आहे.

फोनला हे कसं लावायचं? ३० ऑगस्ट १९६५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक असा निकाल दिला. न्या. जे. सी. शाह आणि न्या. वांछू यांनी टपालाचा नियम फोनला लावला नाही. फोनवर दोघं समोरासमोर असल्यासारखेच बोलतात, म्हणून होकार जिथे ऐकू येतो तिथे करार होतो. अहमदाबादचा दावा अहमदाबादेतच चालणार होता. पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती असलेल्या न्या. हिदायतुल्ला यांनी वेगळं मत लिहिलं: कायद्याच्या शब्दांत फोन आणि पत्र असा भेद नाही, होकार तोंडातून सुटला की तो बोलणाऱ्याच्या हातातून गेला, तेव्हा करार खामगावचा.

कलमाचे शब्द धरले तर मला हिदायतुल्लांचं म्हणणं अधिक पटतं. पण व्यवहाराला बहुमताचा नियमच सोयीचा आहे. मध्येच लाइन तुटली आणि ‘हो’ ऐकूच आलं नाही, तर समोरच्याने कशाच्या भरवशावर गाडी पाठवायची?

या नियमाचा खरा भार माघारीवर पडतो. पत्राला वाट असते, त्या वाटेत मन बदलायला सवड मिळते. फोनवर बोलणं आणि ऐकणं एकाच क्षणी, त्यामुळे ती सवड उरत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात खरेदी-विक्रीच्या पश्चात्तापासाठी व्यापाऱ्याला एक रात्र, शेतकऱ्याला तीन रात्री आणि गोपालकाला पाच रात्री दिल्या आहेत. शेतकऱ्याला व्यापाऱ्यापेक्षा जास्त मुदत देणं मला फार शहाणपणाचं वाटतं. १८७२ च्या कायद्यात शेतकऱ्यासाठी अशी वेगळी मुदत नाही. फसवणूक, दबाव किंवा खोटी माहिती असं काही सिद्ध झालं तर करार मोडता येतो. भाव चढला हे कारण चालत नाही.

तोंडी सौदा कायद्याला चालतो, पण कोर्टात तो सिद्ध करावा लागतो. म्हणून वर्धा-हिंगणघाटच्या शेतकऱ्यांना आणि अडत्यांना सांगणं एवढंच: होकार देण्याआधी हवं तितकं थांबा, आणि दिला की लगेच वजन, भाव, माल कुठे द्यायचा आणि पैसे कधी मिळायचे, हे मोबाइलवर लिहून समोरच्याला पाठवा.