अर्नाळ्यासमोरचा 'शिव'

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर बसलं की मला हमखास 'शिव' आठवतो. समोरच्या समुद्रतळाखाली, बॉम्बे हायच्या परिसरात, सुमारे ५०० किमीचं उल्काविवर दडलंय, असं टेक्सासचे जीवाश्मतज्ज्ञ शंकर चॅटर्जी १९९०च्या दशकापासून मांडत आले. काळ डायनोसॉर संपले तोच, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. कल्पना भन्नाट! पण पुरावा?

इंग्लंडजवळच्या उत्तर समुद्रातल्या सिल्व्हरपिटचंही असंच झालं. २००२ मध्ये जाहीर झालेलं हे ३ किमीचं विवर उल्केचं नाही, असा कौल २००९ मध्ये भूवैज्ञानिकांनी चक्क मतदान करून दिला. मग जवळच्या तेलविहिरीतून निघालेल्या चुऱ्यात प्रचंड आघातानेच घडणारे क्वार्ट्झचे कण सापडले. कुठल्या थरात कुठले सूक्ष्म जीव, यावरून गाळाचं वय ठरतं. त्यावरून २०२५ मध्ये तारीख निघाली: ४.३ ते ४.६ कोटी वर्षांपूर्वी.

तेलविहिरी आपल्या बॉम्बे हायवरही आहेत. पण सगळ्यांनी मान्य करावा असा एकही कण 'शिव'च्या बाजूने अजून पुढे आलेला नाही. तो खरा असावा असं मलाही वाटतं हो! पण आमच्या धंद्यात लॉग दाखवल्याशिवाय बग कुणी मानत नाही. इथे गाळ हाच लॉग.