१८९७ चा प्लेग आणि चार कलमांचा कायदा

२०२० साली कोरोनाकाळात रायपूरच्या समता कॉलोनीत जे निर्बंध होते, त्यांचा एक आधार १८९७ चा साथरोग कायदा होता. मूळ कायदा अवघ्या चार कलमांचा. त्यात सरकारला अधिकार, नियम मोडणाऱ्याला शिक्षा आणि अधिकाऱ्यांना संरक्षण आहे; रुग्णाच्या हक्कांचा उल्लेख नाही.

परिणाम पुण्यात दिसला. प्लेग समितीचा अध्यक्ष रँड याने सैनिकांकरवी घरे तपासली, संशयितांना सक्तीने हलवले. लोक रुग्ण लपवू लागले. २२ जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या.

त्याच साथीत सावित्रीबाई फुले यांनी मुलगा डॉ. यशवंत यांच्या शहराबाहेरील दवाखान्यात रुग्णांची शुश्रूषा केली; १० मार्चला प्लेगनेच त्यांचे निधन झाले.

रुग्णांना वेगळे ठेवणे दोन्हीकडे होते. आपत्ती व्यवस्थापनाचा आराखडा करताना खाटा मोजा, आणि हेही विचारा: लोक इथे आपणहून येतील का?