मदरसा : दरबारापासून वर्गणीपर्यंत

बिदरचा महमूद गवानचा मदरसा पाहायला पहिल्यांदा गेलो, तेव्हा माझ्या डोक्यात मदरशाचे एकच चित्र होते : माना डोलवत पाठांतर करणारी मुले. बहमनी वजिराने १४७२ मध्ये बांधलेल्या त्या तीन मजली इमारतीपुढे ते चित्र टिकेना. दर्शनी भिंतीवर निळ्या फरशांचे अवशेष आहेत. दोन मिनारांपैकी एकच उभा आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस आत साठवलेल्या दारूगोळ्याचा स्फोट होऊन बराच भाग ढासळला. एका राज्यकर्त्याने विद्येवर एवढा खर्च का केला असावा, हा प्रश्न घेऊनच मी परतलो.

मी अरबी-फारसीचा पंडित नव्हे. तरी गेल्या काही वर्षांच्या वाचनातून एक गोष्ट ठळक झाली. पूर्वीचा मदरसा धर्माइतकाच पोटापाण्याचाही मार्ग होता. काझी, मुफ्ती, दरबारी अंमलदार तिथेच घडत. लखनौच्या फिरंगी महालातील मुल्ला निझामुद्दीन (मृत्यू १७४८) यांच्या नावाने रूढ झालेल्या ‘दर्स-ए-निझामी’त व्याकरण, तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान यांच्या ग्रंथांचा मोठा भरणा होता. कंपनीच्या न्यायालयांनाही इस्लामी कायदा जाणणारी माणसे हवी होती, म्हणून वॉरन हेस्टिंग्जने १७८० मध्ये कलकत्ता मदरसा काढला.

पुढे १८३७ च्या कायद्याने कचेऱ्यांतून फारसी हटवण्याची वाट मोकळी झाली आणि या विद्येचा नोकरीशी असलेला सांधा निखळू लागला. १८५७ नंतर उत्तरेतले उरलेसुरले आश्रयदातेही गेले. १८६६ मध्ये देवबंदला दारुल उलूम सुरू झाले ते सामान्य लोकांच्या वर्गणीवर. सरकारची मदत नको, हा तिथला निश्चय होता. पण ठरलेले वर्ग, वार्षिक परीक्षा, जमाखर्चाचे छापील अहवाल हा साचा इंग्रजी विद्यालयांचाच होता. अभ्यासात भर आला तो हदीसवर. ज्याला आपण सहज ‘मध्ययुगीन’ म्हणतो, तो मदरसा असा बऱ्याच अंशी एकोणिसाव्या शतकात घडला.

आपल्याकडचे एक उदाहरण शेजारी ठेवून पाहावे. पुण्याच्या विश्रामबागवाड्यात १८२१ मध्ये सरकारने संस्कृत पाठशाळा काढली. तिच्यातूनच पुढे डेक्कन कॉलेज उभे राहिले. कलकत्ता मदरशाचेही २००८ मध्ये आलिया विद्यापीठ झाले. सरकारशी नाते राहिलेल्या या दोन्ही संस्था बदलत गेल्या. देवबंदने स्वातंत्र्य राखले. त्याची किंमत म्हणून तिथली सनद सरकारी नोकरीच्या दारात बहुधा अपुरी ठरली.

सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालानुसार शाळेच्या वयातील मुस्लिम मुलांपैकी जेमतेम तीन टक्के मुले मदरशात जातात. बाकीच्यांच्या शाळांबद्दल आपण किती बोलतो? बिदरहून आणलेल्या प्रश्नाची जागा आता माझ्यापुरती या प्रश्नाने घेतली आहे.