बोलणं पळतं, लिहिणं मागं राहतं

ग्रामसभेत आपण पाण्याच्या प्रश्नावर तळमळीनं बोलतो आणि वहीत एकच ओळ उतरते: ‘पाण्यावर चर्चा झाली.’ असं का होतं? एक कारण साधं आहे. सरावानं बोलणाऱ्या माणसाची जीभ लिहिणाऱ्या हाताच्या कितीतरी पुढं पळते.

हे अंतर भरून काढायला लघुलेखन आलं. इंग्लंडात आयझॅक पिटमन यांनी १८३७ साली आवाजावर बेतलेल्या छोट्या खुणांची पद्धत छापली. पुढं मराठीतही लघुलेखन सुरू झालं. वेग मोजायचं माप ठरलं, मिनिटाला किती शब्द. आजही आपल्या राज्यात मराठी लघुलेखनाच्या परीक्षा ६०, ८०, १००, १२० अशा वेगाच्या असतात.

याच खुणा एकदा कोर्टात पोहोचल्या. १९१६ साली लोकमान्य टिळक बेळगावात आणि आपल्या शेजारच्या अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, स्वराज्यावर बोलले. सरकारी लघुलेखकांनी भाषणं उतरवून घेतली. त्यावरून टिळकांकडे २० हजारांचा जातमुचलका मागितला गेला. पण नोव्हेंबरात मुंबई हायकोर्टानं सुटी वाक्यं न धरता भाषणं सबंध वाचली आणि तो हुकूम रद्द केला.

म्हणून सख्यांनो, मोबाईलवर एक मिनिट बोला, ते ऐकून शब्द मोजा. मग मिनिटभरात किती लिहून होतं तेही बघा. ग्रामसभेत मुद्दा सावकाश, दोनदा सांगा. आणि वहीवर सही करण्याआधी आपलं म्हणणं मोठ्यानं वाचून घ्या.