सिस्टरला तरी सांगा

आम्ही तोंडवलीच्या बायका कॅन्सरचं नावही घेत नसू. 'मुंबईला नेलंय' एवढंच म्हणायचो. तिथं परळला 28 फेब्रुवारी 1941 रोजी टाटा हॉस्पिटल सुरू झालं. गिरणीतले आपले चाकरमानी त्याच भागात राहायचे. 1986 मध्ये वांद्र्याला शांती अवेदना सदन निघालं. बऱ्या न होणाऱ्या कॅन्सर रुग्णांची शेवटपर्यंत काळजी घेणारं देशातलं हे पहिलं ठिकाण. तिथं सेवेला ख्रिस्ती धर्मभगिनी होत्या. औषध थकलं तरी सेवा थकत नाही, हे त्यांनी दाखवलं.

जुनीजाणती सिस्टर जखम पुसताना चेहराही वाचते. डॉक्टरांपुढे अडलेलं तिच्यापाशी ओठांवर येतं: दुखतंय, भीती वाटते, पोरांचं कसं होईल? म्हणून छातीत गाठ लागली तर लाजू नका. डॉक्टरांना सांगवत नसेल तर सिस्टरला सांगा. पण लवकर सांगा.