बैलांचे डोळे, मोटारीचे डोळे

सोलापूरहून तुळजापूर साधारण 45 किलोमीटर. सोलापूरला आगगाडी आली 1860 साली. बालाघाटाच्या डोंगरात वसलेल्या तुळजापूरला मात्र रेल्वे नव्हती. लांबून येणारा यात्रेकरू सोलापूरला उतरे आणि पुढची वाट पायी, नाही तर बैलगाडीने धरी. वाटेत राज्यही बदले. सोलापूर इंग्रजी अमलात होते, तर तुळजापूर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात.

रात्रीच्या प्रवासात गाडीवानाला डुलकी लागली, तरी गाडी चालत राही. पायाखालच्या वाटेवर बैल आपसूक चालत, खड्डा आला की बाजूने जात, माणूस आडवा आला की थबकत. गाडीची चाके लाकडाची होती. पण डोळे, कान आणि थोडीफार स्मरणशक्ती जिवंत होती. आज आपण ज्याला चालकाविना चालणारी गाडी म्हणतो, तिची निम्मी कामे ही बैलजोडी करत होती.

मग मोटार आली. हैदराबाद संस्थानात 1932 साली रेल्वे खात्याने 27 गाड्यांनिशी बससेवा सुरू केली. मुंबई राज्यात एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुण्याहून अहमदनगरला धावली. वेग दहापटीने वाढला आणि दिवसाची वाट तासा-दोन तासांवर आली. या फायद्यापुढे एक तोटा सहज नजरेआड झाला. मोटारीला डोळे नव्हते. पाहणे, ओळखणे आणि ठरवणे ही तिन्ही कामे एकट्या चालकावर पडली. त्याला डुलकी लागली, तर मोटार थबकत नाही.

याची किंमत मोठी आहे. 2022 साली भारतात रस्त्यांवर 4,61,312 अपघात झाले आणि त्यांत 1,68,491 माणसे मेली. महाराष्ट्रातील मृतांची संख्या 15 हजारांच्या वर होती. सगळेच अपघात चालकाच्या चुकीने होतात असे नाही. रस्ते, वाहनांची अवस्था, अंधार हीही कारणे असतात. पण अतिवेग, थकवा, दारू आणि क्षणभर हटलेले लक्ष यांचा वाटा मोठा आहे.

यंत्राने इथे नेमके काय साधेल? फळ्यावर एक सोपे गणित मांडून पाहू. ताशी 60 किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे 16.7 मीटर जाते. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत जागरूक चालकाला साधारण एक सेकंद लागतो, थकलेल्याला अधिक. यंत्राला हेच काम 0.2 सेकंदात जमले असे धरू. तेवढ्यात गाडी 3.3 मीटर जाईल. म्हणजे 13 मीटरहून अधिक अंतर वाचले, एका बसच्या लांबीएवढे. ब्रेक लागल्यानंतरचे अंतर मात्र दोघांनाही सारखेच. टायर आणि रस्ता यांतील घर्षण संगणकाला बदलता येत नाही.

मोटारीला डोळे देण्याची खटपट शंभर वर्षे चालू आहे. 1925 साली न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर एक रिकामी मोटार रेडिओच्या संदेशांवर चालवून दाखवली गेली. पण तिचे डोळे मागून येणाऱ्या दुसऱ्या गाडीत बसलेल्या माणसाचेच होते! खरे पाहणे सुरू झाले ते कॅमेरा आणि संगणक यांची जोडी जमल्यावर. जर्मनीत अर्न्स्ट डिकमन्स यांच्या गाडीने 1987 च्या सुमारास मोकळ्या महामार्गावर ताशी 96 किलोमीटरचा वेग गाठला. 1995 साली अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठाची गाडी पिट्सबर्गहून सॅन दिएगोला गेली. सुमारे साडेचार हजार किलोमीटरच्या या प्रवासात 98 टक्के वाट सुकाणू संगणकाच्या हाती होते. ब्रेक आणि वेग मात्र माणसाकडे. 2004 साली मोजावी वाळवंटातील शर्यतीत एकही गाडी 12 किलोमीटरच्या फार पुढे जाऊ शकली नाही. पुढच्याच वर्षी पाच गाड्यांनी 212 किलोमीटर पार केले. 2020 पासून फिनिक्स शहरात चालकाविना टॅक्सी सर्वसामान्य प्रवाशांना मिळू लागली.

फायदा केवळ अपघातांपुरता नाही. 2015 साली ऑस्टिन शहरात एका अंध गृहस्थाने अशा गाडीतून एकट्याने फेरी मारली. ज्याला दिसत नाही, ज्याचे हात थरथरतात, त्याच्या दृष्टीने हे स्वातंत्र्यच आहे.

आता दुसरी बाजू. मार्च 2018 मध्ये अमेरिकेतील टेंपी गावी उबर कंपनीच्या चाचणीतील मोटारीने सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका स्त्रीला धडक दिली. ती मरण पावली. चौकशीत असे दिसले की, यंत्रणेला ती पाच सेकंदांहून अधिक काळ आधी दिसली होती. पण ही अनोळखी वस्तू, की वाहन, की सायकल, याचा निर्णय बदलत राहिला. पट्ट्यांबाहेरही माणूस रस्ता ओलांडू शकतो, हे यंत्रणेत गृहीतच धरले नव्हते. आणि देखरेखीला बसवलेल्या चालकाचे लक्ष रस्त्यावर नव्हते. दिसणे आणि ओळखणे यांत एवढे अंतर आहे. शिवाय, काम काढून घेऊन केवळ 'लक्ष ठेव' असे सांगितले, तर माणसाचे लक्ष टिकत नाही.

हे तुळजापूरच्या रस्त्यावर मांडून पाहा. आश्विन पौर्णिमेला सोलापूरहून लाखो भाविक रात्रभर चालत निघतात. त्यांच्यासाठी पोलीस वाहतूक दुसरीकडे वळवतात. तिथे पट्टे कुठले आणि पदपथ कुठला? दिल्ली मेट्रोची गाडी 28 डिसेंबर 2020 पासून चालकाविना धावते, कारण तिच्या रुळांवर कोणी आडवे येत नाही. आपला रस्ता तसा नाही. म्हणूनच हैदराबादच्या आयआयआयटी या संस्थेने 2018 मध्ये आपल्याकडील रस्त्यांची दहा हजार चित्रे यंत्रांना शिकवण्यासाठी तयार केली. रिक्षा म्हणजे काय, हे परदेशी चित्रांवर शिकलेल्या यंत्राला ठाऊक नसते.

रोजगाराचा प्रश्नही खरा आहे. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी 2017 साली याच कारणासाठी चालकविरहित मोटारींना विरोध दर्शवला होता. पण पूर्ण चालकविरहित गाडीची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. चालक पेंगू लागताच इशारा देणारी आणि अडथळा ओळखून आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा आज उपलब्ध आहे. तिथे चालकाची नोकरी जात नाही. त्याचा आणि समोरच्याचा जीव वाचू शकतो. रात्रीच्या बसगाड्यांत ही साधने आधी यावीत, असे आम्हाला वाटते.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना एक काम द्यावे. शाळेसमोरच्या रस्त्याच्या कडेला सुरक्षित उभे राहून अर्ध्या तासात दिसणाऱ्या प्रत्येक प्रकारच्या गोष्टीची नोंद करायची: शेळ्या, हातगाडी, उलट बाजूने येणारी दुचाकी, डोक्यावर भारा घेतलेली बाई. मग प्रत्येकीपुढे लिहायचे, ती पुढच्या दोन सेकंदांत काय करील आणि हे आपण कशावरून ओळखले. यंत्राला शिकवायचे आहे ते नेमके हेच.