मिळालेलं मत, हिरावलेलं मत

आज आम्ही अमेरिकेतल्या युटाच्या बायकांची गोष्ट सांगणार आहोत.

अमेरिकेत १८३० साली मॉर्मन हा नवा पंथ निघाला. १८३८ मध्ये मिसूरीच्या गव्हर्नरने त्यांना राज्याबाहेर हाकलण्याचा हुकूम काढला. १८४४ मध्ये संस्थापक जोसेफ स्मिथ यांना जमावाने तुरुंगातच ठार मारलं. मग बायकापोरांसह हे लोक १८४७ मध्ये युटाच्या कोरड्या मुलखात येऊन राहिले. तिथेही सरकारशी वाद पेटला. मोठं कारण होतं, एका पुरुषाने अनेक बायका करण्याची चाल.

१८७० मध्ये युटाच्या विधिमंडळाने बायकांना मताचा हक्क दिला. बाहेरच्या पुष्कळांना वाटलं, आता बायकाच ही चाल मोडतील. तसं झालं नाही. तेव्हा १८८७ मध्ये अमेरिकेच्या संसदेने कायदा करून युटातल्या सगळ्याच बायकांचं मत काढून घेतलं. मॉर्मन नसलेल्यांचंही!

चाल वाईटच होती. पण बायकांना सोडवायला निघालेल्यांनी शिक्षा बायकांनाच दिली, हे आम्हाला बोचतं.

१८९० मध्ये पंथाने ती चाल सोडत असल्याचं जाहीर केलं. बायकांनी मात्र संघटना बांधली, सभा घेतल्या. १८९६ मध्ये युटा राज्य झालं, तेव्हा त्यांचा हक्क राज्यघटनेतच लिहिलेला होता.

मैत्रिणींनो, कुणी मेहेरबानीने दिलेलं कुणी काढूनही घेतं. म्हणून हक्क कागदावर हवा आणि पाठीशी संघटना हवी.